शेवटच्या बॅचचे टोपीवाले

हॉस्पिटलात तिला सगळे थांबाताई म्हणत. खरं नाव पगाराच्या चिठ्ठीवर होतं, पण ते वाचायची वेळ कुणावर येत नसे. कुठल्याही टेबलावरचा संगणक रुसला की फोन जायचा तळघरात आणि पलीकडून ठरलेलं उत्तर यायचं, "थांबा, बघते." मग ती वर यायची, खुर्ची ओढून बसायची, चष्मा कपाळावर चढवायची आणि पडद्याकडे अशी टक लावून बघायची, की मोठमोठ्या डॉक्टरांनाही वाटायचं, आपलंच काहीतरी चुकलं असणार. कुणी घाई केलीच तर म्हणायची, "घाई असेल तर हातानं लिहा."

ती इथं आली टायपिस्ट म्हणून. लग्न नुकतंच झालेलं, नवरा बस डेपोत मेकॅनिक, दोन खोल्यांचा संसार. हॉस्पिटलात पहिला संगणक आला तेव्हा बाकीच्या टायपिस्ट त्याच्यावरचं प्लास्टिकचं कव्हर काढायलासुद्धा धजत नव्हत्या. हिनं कव्हर काढलं, घडी घालून ठेवलं आणि बसली. पुढं लेकीला मांडीवर झोपवून, गुडघ्यावर पुस्तक टेकवून प्रोग्रॅमिंग शिकली. नवरा डेपोतून आला की म्हणायचा, "बायको माझ्यासारखीच मेकॅनिक निघाली, फक्त हिचे हात काळे होत नाहीत." लेक आता लांबच्या शहरात नांदत होती. थांबाताईचे केस पिकले होते, पण तळघरातली तिची खोली तीच राहिली. एका बाजूला धुलाईचं खातं, दुसऱ्या बाजूला मोडक्या व्हीलचेअरची रास. धुलाईची यंत्रं सुरू झाली की टेबलावरचा कप आपोआप सरकत कडेला यायचा, आणि ती बोलता बोलता तो मागे ढकलायची.

तिनं लिहिलेल्या पहिल्या मोठ्या कामांपैकी एक म्हणजे वरच्या मजल्यावरच्या डायलिसिस विभागाची यादी. ज्यांची मूत्रपिंडं दमली आहेत असे लोक तिथं एक दिवसाआड येतात. चार तास खुर्चीत पडून राहायचं, दंडातून रक्त बाहेर जातं, यंत्रात धुतलं जातं आणि परत येतं. दिवसाला तीन बॅच, सकाळची, दुपारची आणि संध्याकाळची. सकाळची खुर्ची सगळ्यांनाच हवी असते. पूर्वी जो जास्त आरडाओरडा करेल त्याला ती मिळायची, नाहीतर ज्याचा मेव्हणा कुठंतरी साहेब असेल त्याला. एकदा दोघांच्या नातेवाईकांत जुंपली आणि सलाईनचा स्टँड तलवारीसारखा फिरला. त्या दिवशी विभागाच्या मोठ्या सिस्टरनी कंबर कसली. "आजपासून नावाच्या क्रमानं बॅच. पहिली अक्षरं सकाळी, शेवटची संध्याकाळी. देव जरी चिठ्ठी घेऊन आला तरी वशिला चालणार नाही." थांबाताईनं तशी यादी करून दिली आणि भांडणं मिटली. इतकी वर्षं ती यादी बिनबोभाट चालली होती, म्हणजे निदान तिला तसं वाटत होतं.

एका दुपारी तिच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. गळ्यात मापाची टेप, बाहीला अडकलेले दोरे, पायऱ्या उतरून लागलेली धाप.

"संगणकाच्या ताई तुम्हीच का?"

"थांबा," थांबाताई सवयीनं म्हणाली, आणि मग तिच्याकडे बघून, "अहो, आधी बसा."

बाई शिवणकाम करणारी होती. ती बसली, पाणी प्यायली आणि मुद्द्यावर आली. "मला एवढंच सांगा, माझ्या नावाचं अक्षर पहिलं. शाळेत हजेरीला मी सगळ्यांच्या आधी हात वर करायची. मग इथं मी शेवटच्या बॅचला कशी? माझी पोर शाळेतून येते तेव्हा घराला कुलूप असतं. शेजारीण घेते तिला, पण शेजारणीनं तरी किती दिवस करायचं? मोठ्या सिस्टर म्हणतात, यादी संगणक करतो. म्हटलं, मग संगणकालाच विचारते."

थांबाताईनं यादी उघडली. बाई खरंच तळाशी होती, शेवटच्या अक्षराच्याही खाली. तिच्या आजूबाजूला आणखी काही नावं होती, कुणाचं मधलं अक्षर, कुणाचं शेवटाकडचं. या सगळ्यांत सारखी गोष्ट एकच. प्रत्येकाच्या पहिल्या अक्षराच्या डोक्यावर खूण होती, कुणाला तिरकी रेघ, कुणाला छोटा कोन. तिथल्या लिपीत अशी अक्षरं बरीच होती, आणि कार्यालयात त्यांना टोपीवाली अक्षरं म्हणायचे.

चूक थांबाताईची होती आणि ती तिला तिथल्या तिथं कळली.

आता हे जरा समजून घ्या, अवघड नाही. संगणकाच्या पोटात अक्षर नसतं, आकडा असतो. साध्या अक्षरांना आकडे आधी वाटले गेले, टोपीवाली मागाहून आली, म्हणून त्यांना मोठे आकडे मिळाले. क्रम लावायला सांगितलं की संगणक बापडा आकडे बघतो, लहान पुढे, मोठा मागे. त्यामुळे टोपी घातलेला प्रत्येक जण सगळ्यांच्या मागे जाऊन उभा राहतो, मग त्याचं अक्षर कुठलंही असो. वयाच्या पंचविशीत, लेक मांडीवर असताना, थांबाताईनं एका ओळीत क्रम लावला होता. वरची दहा नावं बघितली, बरोबर दिसली, आणि संगणक बंद करून घरी गेली होती.

"बाई, तुमचं बरोबर आहे," ती म्हणाली. "मीच शेण खाल्लंय. दुरुस्त करते."

शिवणवाली बघतच राहिली. हॉस्पिटलात असं बोलणारं माणूस तिला आजवर भेटलं नव्हतं.

खोदायला लागल्यावर आणखी बरंच निघालं. पेशंटचं नाव शोधायच्या चौकटीत थांबाताईनं केव्हातरी नियम घातला होता, की नावात वर्णमालेतल्या पहिल्यापासून शेवटच्या अक्षरापर्यंतचं काहीही चालेल. टोपीवाली त्या पट्ट्यात बसतच नव्हती. नोंदणीच्या खिडकीवरची मुलगी टोपीसकट नाव टाकायची, संगणक म्हणायचा नाव चुकीचं आहे, मग ती टोपी काढून टाकायची, तर संगणक म्हणायचा असा माणूसच नाही. शेवटी वैतागून नवं कार्ड. म्हणजे एकाच माणसाचं एक कार्ड टोपीचं, एक बोडकं. त्यातही काही ठिकाणी अक्षर आणि टोपी एकत्र नोंदलेली, काही ठिकाणी अक्षर वेगळं आणि टोपी वेगळी. डोळ्यांना दोन्ही अगदी सारखी, यंत्राला मात्र एकमेकांना न ओळखणारी.

थांबाताईचे साहेब म्हणाले, "कशाला डोकं शिणवता? सगळ्यांच्या टोप्या काढून टाका. कटकट मिटेल."

"नाव त्यांचं आहे साहेब. आपल्या सोयीसाठी ते कापायचं? उद्या दाखल्यावर बोडकं नाव छापून गेलं तर तो माणूस मला जोड्यानं मारेल, आणि बरोबर करेल."

तिनं नावांना धक्का लावला नाही. फक्त तुलना करताना प्रत्येक नावाची एक तात्पुरती नक्कल काढायची, अक्षर आणि टोपी सुटी करायची, आधी नुसती अक्षरं लावून बघायची आणि सगळं सारखं निघालं तरच टोपीला विचारायचं. शोधतानाही तसंच. साधं अक्षर टाका, टोपीवालाही सापडला पाहिजे. बोडकी कार्डं तिनं एकेक करून, जन्मतारीख आणि पत्ता ताडून, मूळ कार्डांत मिसळली. काम झाल्यावर प्रत्येक टोपीवाल्याची ओळ जुन्या यादीतली आणि नव्या यादीतली शेजारी ठेवून तपासली. शिवणवाली शेवटून सकाळच्या बॅचला आली. किल्ल्या बनवणारा एक जण दुपारी गेला. बँडमास्तर म्हणून एक म्हातारे होते, त्यांचं अक्षर टोपी काढली तरी शेवटाकडचंच. त्यांची तीच बॅच, तीच खुर्ची. त्यांच्या ओळीपुढं तिनं लिहिलं, बदल नाही.

नवी यादी लागली त्या दिवशी शिवणवाली पुन्हा तळघरात आली. थांबाताईचा हात हातात घेऊन डोळ्यांना लावला आणि गेली. थांबाताई घरी जाऊन नवऱ्याला सगळं सांगत बसली. नवरा म्हणाला, "म्हणजे तीस वर्षांपूर्वी तूच पंक्चर केलंस, आज तूच काढलंस, आणि वर शाबासकी घेतलीस. आमच्या डेपोत असं केलं असतं तर पगार कापला असता." ती हसली. तिला त्या रात्री खूप बरं वाटत होतं.

आठवडा झाला असेल नसेल, मोठ्या सिस्टर स्वतः जिना उतरून खाली आल्या. त्या कधी खाली येत नसत.

"तुझ्या यादीत काय घोळ झालाय बघ गं. बँडमास्तर येईनात. दोन खेपा चुकल्या. फोन केला तर म्हणतात, येतो येतो, आणि येत नाहीत. अंगात पाणी साठलं की फुप्फुसात जातं. आणखी एक खेप चुकली तर खुर्चीवर नाही, स्ट्रेचरवर येतील. तेही आले तर."

"थांबा, बघते." तिनं त्यांची ओळ उघडली. बॅच तीच, वेळ तीच, खुर्ची तीच. आठवणीचा निरोप मोबाइलवर वेळेवर गेलेला. तिनं पुन्हा बघितलं, मग तिसऱ्यांदा. "सिस्टर, त्यांच्या ओळीत काहीसुद्धा बदललेलं नाही."

"मग म्हातारा मरायला का टेकलाय?" सिस्टर ओरडल्या. त्या घाबरल्या म्हणजे अशाच ओरडत.

थांबाताईची एक खोड होती. पडद्यावर उत्तर सापडलं नाही तर ती उठून जिथं बिघाड आहे तिथं जाऊन बसायची. तिनं पत्ता घेतला आणि सुटल्यावर थेट तिकडे गेली. वाद्यं दुरुस्त करणाऱ्या दुकानाच्या वर एक खोली होती. दार उघडंच होतं. बँडमास्तर पलंगावर उशांना टेकून बसले होते, पाय सुजून टम्म झालेले, बोलताना मध्येच श्वास घ्यायला थांबत होते. भिंतीला ट्रम्पेट टांगलेलं आणि खाली एकाच माणसाची ताटवाटी पालथी घातलेली.

तिनं ओळख सांगितली. ते म्हणाले, "अरे वा! यादीवाल्या ताई. बसा. चहा करायला उठवत नाही, राग मानू नका."

"राग कसला मास्तर? आलेय ते विचारायलाच. का येत नाही तुम्ही? आमच्याकडून काही चुकलं का?"

"छे छे. तुमचं काही नाही." त्यांनी पाठीमागची उशी सरळ केली. मग म्हणाले, "यादी बदलल्यावर पहिल्या खेपेला आलो होतो. खुर्चीत बसलो. या बाजूला बघतो तर शिवणवाली नाही, त्या बाजूला किल्लीवाला नाही. दोन नवे होते. बिचारे डोळे मिटून पडले. चार तास मी त्या यंत्राची घरघर ऐकत होतो."

"पूर्वी?"

"पूर्वी?" त्यांचा चेहरा एकदम उजळला. "अहो, पूर्वी धिंगाणा! किल्लीवाला लोकांच्या कुलपांच्या भानगडी सांगायचा. कोण नवऱ्याला बाहेर ठेवून कुलूप बदलते, कोण स्वतःच्याच तिजोरीत किल्ली ठेवून बसलाय. शिवणवाली घरी फोन लावून तिच्या पोरीचा अभ्यास माझ्याकडून करून घ्यायची. गणित मला येत नाही, पण घोकायला मी बरा. हिच्या माघारी," त्यांनी पलंगाच्या रिकाम्या बाजूकडे हात केला, "एक दिवसाआड चार तास मी माणसांत असायचो. सुई टोचायची ती काय, तेवढ्यासाठी टोचून घ्यायचो." धाप लागली म्हणून ते थांबले. "आता नुसती सुईच उरली. म्हटलं, कशाला जायचं? एवढ्या वयाचं झाल्यावर जगायचं ते कुणासाठी?"

थांबाताईनं प्रत्येकाची ओळ तपासली होती. कोण कुणाच्या शेजारी आहे हे बघायचं तिच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. तिला रडू आलं आणि स्वतःचा रागही आला.

"उद्याची खेप आहे तुमची. या. मी सांगते म्हणून या."

"बघू," म्हातारे म्हणाले. नको म्हणायच्या ऐवजी माणसं म्हणतात तसं.

घरी तिनं ताट पुढं ओढलं आणि तसंच ठेवलं. नवरा म्हणाला, "जुनी यादी परत लाव की."

"आणि त्या पोरीला परत कुलपासमोर उभं करू?"

त्यानं ताट पुन्हा तिच्यापुढं सरकवलं. म्हणाला, "मग मास्तरांना सकाळी आण."

"सिस्टर मला उभी चिरतील."

दुसऱ्या दिवशी ती सकाळपासून सिस्टरच्या मागे लागली. सिस्टर ऐकायलाच तयार नव्हत्या. "अजिबात नाही. आज याला सोबत हवी, उद्या त्याला खिडकी हवी, परवा कुणाचा तरी मेव्हणा येईल. हा नियम आणायला मी किती शिव्या खाल्ल्यात माहितेय का तुला? नावाचा क्रम म्हणजे नावाचा क्रम. आणि म्हातारा येणार नाही कशावरून? संध्याकाळ व्हायचीय अजून."

संध्याकाळ झाली. बॅच बसली. यंत्रं सुरू झाली. थांबाताई विभागाच्या दारात उभी होती, सिस्टर आत फिरत होत्या. मास्तरांची खुर्ची रिकामी होती. चादर घातलेली, नळ्या लावून ठेवलेल्या, यंत्राचा दिवा लुकलुकत होता. शेजारची माणसं तिकडे बघत नव्हती. सिस्टर दोनदा त्या खुर्चीपाशी आल्या, दोनदा घड्याळ बघून निघून गेल्या.

तिसऱ्यांदा आल्या तेव्हा थांबाताई आत शिरली. "सिस्टर, सगळं नियमात बसलंय. क्रम बरोबर, वेळ बरोबर. आता मला सांगा, ही खुर्ची रिकामी ठेवायला कुणाचा वशिला लागला?"

सिस्टर चादरीची सुरकुती हातानं सारखी करत राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "एकाला विचारलंस तर वशिला होतो. सगळ्यांना विचारलंस तर नियम होईल. प्रत्येकाला विचार, कुणाजवळ बसायचंय. अगदी प्रत्येकाला. आणि आधी ॲम्ब्युलन्स पाठव त्या म्हाताऱ्याकडे. मी सांगितलं म्हणून सांग. आला नाही तर मी स्वतः येऊन उचलून आणेन म्हणावं."

मास्तरांना त्या संध्याकाळी उचलूनच आणलं. ऑक्सिजन लावला, यंत्र लावलं, पहाटेपर्यंत सिस्टर घरी गेल्या नाहीत. पाणी उतरलं, श्वास मोकळा झाला. पण डोळे उघडून त्यांनी दोन्ही बाजूंना बघितलं आणि परत मिटून घेतले, हे सिस्टरनी स्वतः बघितलं.

सकाळी थांबाताई विचारायला निघाली. तिला वाटलं होतं, आता मागण्यांचा पाऊस पडणार. तसलं काही झालं नाही. बरेच जण म्हणाले, आहे ते बरं आहे. दोघी बहिणी वेगवेगळ्या बॅचला येत होत्या, त्यांना एकत्र यायचं होतं, रिक्षा तरी एकच लागेल म्हणून. एक गृहस्थ दबक्या आवाजात म्हणाले, "कुणाजवळ यापेक्षा कुणापासून लांब, ते सांगितलं तर चालेल का?" आणि सकाळच्या बॅचला नेहमी घोरत पडणारे एक निवृत्त कारकून म्हणाले, "मला संध्याकाळ द्या हो. जन्मभर सकाळी उठलो, आता जिवावर येतं. पण विचारतं कोण?" किल्लीवाला म्हणाला, "मास्तर जिथं, मी तिथं. दुकान भाऊ उघडेल."

शिवणवालीनं मात्र प्रश्न पुरता ऐकूनसुद्धा घेतला नाही. मास्तरांच्या खेपा चुकल्या हे तिला आत्ताच कळत होतं. ती पांढरीफटक पडली. "माझ्यामुळे? मी सकाळी आले म्हणून? ताई, मला परत संध्याकाळी टाका. पोरीचं मी बघेन काहीतरी."

"गप्प बसा," थांबाताई म्हणाली. "कुणाला परत मागं टाकायचं नाही आता."

काम फार मोठं नव्हतं. क्रम लावताना आधी अक्षर बघायचं, मग टोपी, हे तिनं शिकवलंच होतं. आता या सगळ्याच्या आधी आणखी एक गोष्ट बघायची, ती म्हणजे सोबत. नाव त्याच्यानंतर. साहेबांनी विचारलं, हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय? ती म्हणाली, कुठल्याच नाही.

मास्तरांच्या पुढच्या खेपेला थांबाताई सकाळीच वर जाऊन उभी राहिली. किल्लीवाला त्यांना रिक्षातून घेऊन आला होता. मास्तर काठी टेकत दारातून आले, नव्या खुर्चीकडे बघितलं, शेजारी बसलेल्या शिवणवालीकडे बघितलं आणि तोंडभर हसले. "काय गं, पोरीचा पाठ झाला का?"

ती हसली नाही. तिच्या दंडात सुया होत्या, उठता येत नव्हतं, म्हणून बसल्या जागेवरूनच ती त्यांच्यावर तुटून पडली. "लाज नाही वाटत? दोन खेपा चुकवल्या! पोर रोज विचारते आजोबा कुठंयत, मी सांगते संध्याकाळी असतात. आणि तुम्ही तिकडे मरायला बसला होता? कुणाला विचारून? सांगा ना, कुणाला विचारून?"

आख्खा विभाग जागा झाला. कुणीतरी शूऽऽ म्हणालं. ती थांबेना, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि एक हात अडकलेला म्हणून तिला ते नीट पुसताही येत नव्हतं.

मास्तर खाली मान घालून सगळं ऐकून घेत होते. बायको गेल्यापासून त्यांना असं कुणी रागावलं नव्हतं. मग त्यांनी खिशातून रुमाल काढला, तिच्या हातात दिला, आपल्या खुर्चीत बसले आणि बाही वर करून हात सिस्टरच्या पुढं केला.

"टोचा," ते म्हणाले.